ठसक्याची साक्ष

संक्रांत ते रथसप्तमी हे नाशिकमध्ये बोरन्हाणाचे दिवस. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आणि गंगापूर रोडवरच्या नव्या सोसायट्यांत ते सारख्याच हौसेने होतं. पाटावर काळं झबलं घातलेलं, हलव्याचे दागिने ल्यालेलं बाळ बसतं. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या आणि हलवा ओतला जातो आणि तो वेचायला आळीतली पोरं तुटून पडतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा हा सोहळा. वैद्यकाच्या पुस्तकांत श्वासमार्गात वस्तू अडकण्याचं जे वय दिलेलं असतं तेही नेमकं हेच, आणि त्यातही सर्वाधिक धोका एक ते तीन वर्षांच्या मुलांना. पाटाभोवती सांडलेला अर्धाअधिक खाऊ त्याच पुस्तकांतल्या धोक्याच्या यादीत असतो.

बोरन्हाणाला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. अनेक घरांनी आता बोरं आणि शेंगा ताटात शोभेपुरत्या ठेवून डोक्यावर नुसते चुरमुरे ओतायला सुरुवात केली आहे, आणि त्याने सणाची गोडी कमी झालेली नाही. शिवाय धोका त्या दिवसांपुरता नसतोच. नाशिकच्या चिवड्यात शेंगदाणे असतात आणि खोबऱ्याचे काप असतात. पावसाळा सरता सरता सीताफळं येतात, उन्हाळ्यात चिंचोके अंगणात पडलेले असतात, जानेवारीपासून द्राक्षं सुरू होतात. दाढा नीट यायला मुलाला दोन-अडीच वर्षं लागतात, पण समोरच्या दातांनी दाणा तोडायला ते वर्षाचं असतानाच शिकतं. म्हणजे तोडता येतं आणि चावता येत नाही, असा वर्ष-दीड वर्षाचा काळ प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो. त्या वयात श्वासनलिकेची आतली रुंदी साध्या शिसपेन्सिलीच्या जाडीहून किंचित कमीच भरते. हसताना, रडताना, धावताना मूल जोरात श्वास आत ओढतं आणि तोंडातला अर्धा दाणा स्वरयंत्राच्या फटीतून खाली जातो.

या अपघातावरच्या उपचारांना लांब इतिहास आहे. त्यातली मोठी झेप गेल्या सव्वाशे वर्षांतली. नळी आली, उजेड आला, भिंग आलं, केसाएवढ्या अंतरावर नेम धरणारे चिमटे आले. तरीही एक गोष्ट होती तिथेच आहे. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. मुलाला दोन मिनिटं जोराचा ठसका लागला होता, हे घरातल्या कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारं माणूस दवाखान्यात हजर नसेल, किंवा असूनही त्याला कुणी विचारलं नाही, तर पुढची सगळी यंत्रं कपाटात राहतात.

आपल्याकडचा सर्वांत जुना तपशील सुश्रुतसंहितेत सापडतो. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शरीरात शिरलेली शल्यं काढण्याचे मार्ग सांगितले आहेत, आणि घशातल्या शल्यांचा तिथे वेगळा विचार आहे. लाखेचा तुकडा घशात रुतला तर घशात नळी घालावी, त्या नळीतून तापवलेली सळई न्यावी, लाख तिला चिकटली की पाण्याने थंड करून बाहेर ओढावी. वस्तू लाखेची नसेल तर सळईलाच लाख आणि मेण लावावं. हाडासारखं काही अडकलं तर केसांचा गोळा पक्क्या दोऱ्याला बांधून पातळ अन्नाबरोबर गिळायला द्यावा, उलटी करवावी आणि शल्य त्या केसांत गुंतलं की दोरा ओढावा. घास अडकला असेल तर माणसाच्या ध्यानीमनी नसताना त्याच्या खांद्यावर मूठ हाणावी.

यातल्या दोन गोष्टी लक्ष वेधून घेतात. एक, बाहेरून नळी घालून तिच्यातून हत्यार आत नेण्याची कल्पना. आधी वाट सुरक्षित करायची आणि मग काम करायचं, हे तत्त्व श्वासनलिकेत घालायच्या आजच्या दुर्बिणीतही आहे. दुसरी, अनपेक्षित मूठ. पण हे सगळं घशापर्यंतचं आणि अन्नमार्गातलं शास्त्र होतं. स्वरयंत्राच्या खाली, छातीच्या आत, श्वासाच्या नळीत गेलेल्या वस्तूपर्यंत जगातल्या कुठल्याच वैद्याचा हात पोचत नव्हता, आणि पुढे कित्येक शतकं पोचणारही नव्हता.

घरगुती उपाय मात्र होते आणि आहेत. मराठी घरात ठसका लागला की टाळूवर थोपटत ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात, पाठीत धपाटा घालतात, तान्ह्याला पायांना धरून उलटं करतात. मूल खोकत असेल तर ‘वर बघ’ने फारसं बिघडत नाही. खोकण्याचा आवाजच बंद झाला असेल तर मात्र त्यात मोलाचे क्षण जातात.

उलटं करण्याचा उपाय किती गंभीरपणे केला जात होता, याचं प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल हा बोगदे, पूल आणि आगबोटी बांधणारा, त्या काळातला सर्वांत नावाजलेला अभियंता. एप्रिल १८४३ मध्ये तो मुलांना हातचलाखीचा खेळ दाखवत होता. तोंडात लपवलेलं अर्ध्या सॉव्हरिनचं सोन्याचं नाणं घसरून श्वासनलिकेत गेलं आणि उजव्या बाजूच्या नळीत जाऊन बसलं. सर बेंजामिन ब्रॉडी हे लंडनमधले अग्रगण्य शल्यचिकित्सक. त्यांनी गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिका उघडली आणि तिच्यातून चिमटा घालून पाहिला. रुग्णाला खोकल्याची अशी उबळ आली की चिमटा काढून घ्यावा लागला. शेवटी ब्रुनेलला एका फळीवर बांधलं, फळी आसावर फिरवून त्याचं डोकं खाली केलं आणि पाठीवर थोपटलं. गळ्यातला छेद उघडाच होता, त्यामुळे स्वरयंत्र आवळलं तरी श्वास चालू राहणार होता. १३ मे रोजी नाणं घरंगळत तोंडात आलं. अपघाताला तेव्हा जवळजवळ सहा आठवडे झाले होते आणि इंग्लंडची वर्तमानपत्रं रोज त्याची बातमी देत होती.

साम्राज्यातले सर्वोत्तम शल्यचिकित्सक दिमतीला असलेल्या माणसाची ही कथा. नाणं गुळगुळीत आणि जड होतं, म्हणून ते खाली आलं. तिथे भिजून फुगलेला चिंचोका असता तर फळी कितीही फिरवून उपयोग झाला नसता.

१८५४ मध्ये सॅम्युएल ग्रॉस या अमेरिकन शल्यचिकित्सकाने श्वासमार्गातल्या वस्तूंवर एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर लोकांनी नोंदवलेली प्रकरणं त्याने गोळा केली, त्यांची छाननी केली. त्यातून एवढं कळत होतं की काही जण वस्तू खोकून टाकतात, काही जण गुदमरून जातात, आणि उरलेले महिनोन् महिने ताप, दुर्गंधीयुक्त बेडका आणि क्षय झाल्यासारखा अशक्तपणा सोसत राहतात. डॉक्टरच्या हातात वाट पाहणं किंवा गळा उघडणं, एवढंच होतं.

मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत एकेक अडसर दूर होत गेला. १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि थोड्याच काळात घशाचे डॉक्टर त्याच औषधाने स्वरयंत्र बधिर करू लागले. ब्रॉडीचा चिमटा ज्या खोकल्याने परतवला होता, तो आता थांबवता येत होता. १८९५ मध्ये बर्लिनमधल्या आल्फ्रेड किर्स्टाइनने आरसा न वापरता, सरळ नजरेने स्वरयंत्र पाहिलं. अन्ननलिका पाहण्याची नळी चुकून श्वासनलिकेत गेली आणि रुग्णाने ती सहन केली, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्या चुकीतून त्याला सुचलं की माणसाची श्वासनलिका समजली जाते तेवढी नाजूक नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिल्हेल्म रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये गुस्टाव किलियान याने हे धागे एकत्र आणले. मार्च १८९७ मध्ये त्याच्याकडे ६३ वर्षांचा एक शेतकरी आला. जेवताना डुकराच्या मांसातलं हाड त्याच्या श्वासात गेलं होतं. खोकला आणि धाप थांबत नव्हती. किलियानने कोकेन लावलं आणि अन्ननलिकेसाठी बनवलेली सरळ पोकळ नळी तोंडातून स्वरयंत्रापलीकडे, श्वासनलिकेतून उजव्या नळीच्या तोंडाशी नेली. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात हाड दिसलं. चिमट्याने धरलं आणि बाहेर काढलं. गळ्यावर छेद नव्हता, छाती उघडली नव्हती. ब्रॉन्कोस्कोपीचा, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालण्याच्या तंत्राचा, जन्म इथला मानतात.

उजवी बाजू योगायोगाने आली नव्हती. श्वासनलिका छातीत दुभंगते तेव्हा उजवी शाखा जास्त रुंद, आखूड आणि सरळ उभी असते. डावी हृदयाला वळसा घालत तिरपी जाते. वरून पडणारी वस्तू सरळ वाट धरते. ब्रुनेलचं नाणं उजवीकडे, शेतकऱ्याचं हाडही उजवीकडे. लहान मुलांत हा फरक तितका ठसठशीत नसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत दाणा डावीकडे सापडला तरी नवल नसतं.

किलियानने दार उघडलं, पण त्या वाटेने रोज ये-जा करायला जगाला शिकवलं ते शेवालिये जॅक्सन या अमेरिकन डॉक्टरने. पिट्सबर्गमध्ये आणि पुढे फिलाडेल्फियात त्याने काम केलं. नळीच्या आतल्या टोकाशीच बारीक दिवा बसवण्याची त्याची सुधारणा साधी वाटते, पण तोवर उजेड बाहेरून टाकावा लागे आणि हाताची सावलीच वाट अडवत असे. उघड्या सेफ्टी पिनचं टोक रुतलेलं असलं तर ती आतच बंद करून बाहेर आणायची, यासाठी त्याने खास हत्यारं घडवली. मूल समोर असेल तेव्हा तो घाई करत नसे. अडकली आहे तशीच दुसरी वस्तू मागवून ती कोणत्या चिमट्याने, कुठून धरावी याचा सराव तो आधी बाहेर करायचा. काढलेली प्रत्येक वस्तू तो जपून ठेवायचा. अशा २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणाखणांत लावलेल्या आहेत. बटणं, पिना, नाणी, हाडं, खेळण्यांतली चिमुकली दुर्बीण, आणि पूर्ण हजेरीबद्दल शाळेत मिळालेला एक बिल्ला. पुढे १९३६ मध्ये त्याने मांडलेल्या हिशेबानुसार ब्रॉन्कोस्कोपीमुळे या अपघातातले मृत्यू शेकडा चोवीसवरून दोनवर आले.

जॅक्सनने विद्यार्थ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: छातीत घरघर ऐकू आली म्हणजे दमाच असतो असं नाही. नाशिकच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला हे आजही रोजच्या कामाचं आहे.

कारण अपघात झाल्यावर जे घडतं ते फसवं असतं. आधी जोराचा ठसका, चेहरा लाल किंवा निळसर, डोळ्यांत पाणी. मग दाणा स्वरयंत्राखालून सरकून एखाद्या शाखेत स्थिरावतो आणि खोकला थांबतो. मूल पुन्हा खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं, गिळलं असेल. हा शांत काळ काही तास टिकतो, कधी काही आठवडे. मग ताप येतो, एका बाजूच्या छातीत घरघर येते. तोवर ठसका विसरलेला असतो, किंवा तो ज्यांनी पाहिला ती आजी गावी गेलेली असते. मूल सांगण्याच्या वयाचं नसतं. मोठ्या भावाने लाडाने चिवडा भरवला असेल तर मार बसेल या भीतीने तो गप्प राहतो. मग न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, दमा म्हणून नेब्युलायझर लावला जातो, थोडं बरं वाटतं, औषध थांबलं की पुन्हा तेच.

शेंगदाण्याचं तेल श्वासनलिकेच्या अस्तराला सोसत नाही. दाणा फुगतो, त्याच्याभोवती सूज येते, पू धरतो. वनस्पतिजन्य वस्तूंनी होणाऱ्या या दाहाला जॅक्सनच्या काळापासून वेगळं स्थान आहे. एक्स-रेत मात्र दाणा दिसत नाही, सीताफळाची बी दिसत नाही, चिंचोका दिसत नाही. दिसतात ते त्यांचे परिणाम. दाणा झडपेसारखा बसला असेल तर श्वास आत जातो पण पूर्ण बाहेर येत नाही. त्या बाजूचं फुप्फुस फुगलेलं राहतं आणि हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं. हे श्वास सोडलेल्या क्षणी काढलेल्या फिल्ममध्ये उठून दिसतं. श्वास घेतलेल्या फिल्ममध्ये सगळं ठीक वाटू शकतं. नळी पूर्ण बंद झाली असेल तर उलट होतं, फुप्फुसाच्या त्या भागातली हवा शोषली जाऊन तो मिटतो. आता सिटी स्कॅनवरून श्वासनलिकेचं आतलं चित्र संगणकावर उभं करता येतं. पण सुरुवातीची फिल्म बऱ्याच मुलांत निर्दोष असते, हे डॉक्टरांना शिकवलं जातं. म्हणून ठसक्याची खात्रीलायक हकिगत असेल तर फिल्म स्वच्छ असूनही दुर्बीण घालून पाहणं योग्य ठरतं.

भारतात या वस्तूंत शेंगदाणा बहुतेक ठिकाणी पहिला येतो. त्यामागून हरभऱ्याचा दाणा, सुपारीचं खांड, सीताफळाची बी, चिंचोका, बोराची आठोळी, मक्याचा दाणा. अलीकडे पेनाचं टोपण, खेळण्यातली शिट्टी आणि एलईडी दिव्याचा तुकडा. ज्या देशांत शेंगदाणा मुलांच्या हाती फारसा नसतो तिथे यादी बदलते. तुर्कस्तानात आणि अरब देशांत डोक्याच्या रुमालाच्या टाचण्या दातांत धरताना मुलींच्या श्वासात जातात. प्रत्येक प्रदेशाचं खाणंपिणं आणि नेसणं त्याच्या दुर्बिणीत उतरतं.

सीताफळाच्या बीचं वर्तन दाण्याहून वेगळं. ती कडक, काळी, चकचकीत असते, चिमट्यातून निसटते. चिंचोका गुळगुळीत तर असतोच, वर ओलाव्याने फुगतो. गेला तेव्हा सहज गेला आणि दुसऱ्या दिवशी काढताना स्वरयंत्रातून वर येईना, असं घडू शकतं. म्हणून बी कोणती, हे नेमकं सांगता आलं तर शल्यचिकित्सकाचं निम्मं नियोजन तिथेच होतं.

या उपचारापर्यंत पोचण्याची नाशिक जिल्ह्याची वाट लांबची होती. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून रेल्वे इगतपुरीला आली आणि मुंबई जवळ आली. सदतिसास एक इतक्या चढावरून गाडी वर यायची. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, परळचं केईएम १९२६ चं, लहान मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय १९२९ चं. ब्रॉन्कोस्कोप, तो हाताळणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि लहान मुलाला भूल देऊ शकणारा भूलतज्ज्ञ हे तिन्ही जिथे एकत्र होते, अशा जागा बराच काळ मुंबई-पुण्यातल्या मोठ्या शिक्षणरुग्णालयांपुरत्याच होत्या. नाशिक ते मुंबई सुमारे १७० किलोमीटर. धाप लागलेलं मूल मांडीवर घेऊन कसारा उतरणं म्हणजे काय, याची कल्पना करायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

१९९० मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाने आडगावला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. आज ते डॉ. वसंतराव पवार यांच्या नावाने ओळखलं जातं. वैद्यकीय महाविद्यालय आलं की बालरोग, छातीचे विकार, कान-नाक-घसा आणि भूल हे विभाग एका छताखाली येतात, आणि या अपघाताला नेमकी तीच गरज असते. १९९८ मध्ये राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, म्हसरूळच्या दिंडोरी रोडवर स्थापन झालं. शहरात सिव्हिल, संदर्भ सेवा रुग्णालय, महापालिकेचं बिटको आणि झाकिर हुसेन यांच्या जोडीला खाजगी बालरुग्णालयांची मोठी फळी उभी राहिली. मुंबईची वाट बऱ्याच जणांसाठी संपली.

सगळ्यांसाठी मात्र नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी भागांसाठी नाशिक शहरच दूर आहे. सुरगाण्याहून ऐंशी-नव्वद किलोमीटरचा घाटरस्ता आहे. या जिल्ह्यात भुईमूग शेतातच असतो आणि शेंगा वाळत घातलेलं अंगण हेच मुलांचं खेळायचं ठिकाण. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, डॉक्टर बरोबर असलेल्या ९३७ रुग्णवाहिका त्यात उतरल्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सोयींच्या. रुग्णवाहिकेतला डॉक्टर दाणा काढू शकत नाही. पण तो प्राणवायू देतो, मुलाला त्याला सोसेल त्या स्थितीत, बहुधा आईच्या मांडीवर बसवून आणतो, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून भूलतज्ज्ञ तयार ठेवायला सांगतो. दाणा अडकलेल्या मुलाला विनाकारण आडवं पाडून, रडवून तपासत बसलं तर अर्धवट बंद असलेली वाट पूर्ण बंद होऊ शकते.

पण श्वासच पूर्ण बंद झाला असेल तर रुग्णवाहिकेलाही वेळ नसतो. तिथे घरातला हातच उपयोगाचा, आणि त्या हाताने काय करावं यावर डॉक्टरांचं पन्नास वर्षं भांडण चाललं होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत हेन्री हाइमलिक याने पाठीमागून मिठी मारून बेंबीच्या वर आत आणि वर झटका देण्याची रीत मांडली. फुप्फुसात उरलेली हवा झटक्याने वर येते आणि तिच्याबरोबर घास निघतो. रीत गाजली. हाइमलिकने पाठीवरच्या धपाट्यांना कडाडून विरोध केला, त्याने घास आणखी खाली जातो असं त्याचं म्हणणं होतं, आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या शिकवणुकीतून धपाटे गेलेही. युरोपने ते सोडले नाहीत. २००६ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने पाच धपाटे आणि पाच झटके असा क्रम पुन्हा आणला, आणि २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही तोच क्रम स्वीकारला. सुश्रुताची मूठ अशी फिरून पाठ्यपुस्तकात आली.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर झटका देत नाहीत, त्याने यकृताला इजा होऊ शकते. त्याला हातावर उपडं घेऊन, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून, तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा मारतात. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब देतात. जोरात खोकणाऱ्या मुलाला यातलं काहीही करू नये, त्याला खोकू द्यावं. त्याचा खोकला कुठल्याही उपायापेक्षा बलवान असतो. आणि दिसत नसलेल्या घासासाठी तोंडात बोट फिरवू नये. हे शेवटचं आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा केलं जातं.

द्राक्षाचा उल्लेख इथे वेगळा करायला हवा. नाशिकइतकं द्राक्ष भारतात दुसरीकडे क्वचितच घराघरांत असेल. २०१६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी अख्खं द्राक्ष घशात अडकलेल्या तीन लहान मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. दोन वाचली नाहीत. द्राक्ष मऊ आणि गोल असल्यामुळे मुलाच्या श्वासमार्गाला बुचासारखं बसतं, बाजूने हवेला फट उरत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करून द्यावं. बागाईतदाराच्या घरातही हे व्हायला हवं, तिथे तर आधी.

दाणा खाली जाऊन बसला असेल तर पुढचं काम शस्त्रक्रियागृहातलं. किलियानच्या कोकेनची जागा आता पूर्ण भुलीने घेतली आहे. श्वासाची वाट एकच, तिच्यातून शल्यचिकित्सकाला हत्यार न्यायचंय आणि भूलतज्ज्ञाला हवा. म्हणून दोघांना एकाच नळीवर काम करावं लागतं, एकाचा हात आत असताना दुसऱ्याची नजर प्राणवायूच्या आकड्यावर. १९६० च्या दशकात हॅरल्ड हॉपकिन्सच्या काचकांड्यांच्या भिंगांनी लख्ख चित्र दिलं. त्याच दशकात जपानच्या शिगेतो इकेदाने लवचीक दुर्बीण आणली. लवचीक दुर्बीण निदानाला आणि मोठ्या माणसांना फार उपयोगी, पण लहान मुलाचा दाणा काढायला आजही बहुतेक ठिकाणी सरळ, कडक नळीच हाती घेतात, कारण तिच्यातून श्वास चालू ठेवता येतो.

मुलाची मान मागे कलंडवून नळी स्वरयंत्रातून आत जाते. पडद्यावर श्वासनलिकेच्या कुर्च्यांच्या कमानी दिसतात, मग दुभंगाची धार, आणि उजव्या किंवा डाव्या तोंडाशी पांढुरका, फुगलेला दाणा, भोवती लाल सूज आणि स्राव. आधी स्राव ओढून घेतात. चिमट्याची पाती दाण्याच्या दोन बाजूंनी सरकवून हलकेच मिटतात. जोर लावला तर कुजलेला दाणा चुरतो आणि तुकडे आणखी खोल जातात. दाणा नळीत मावत नसेल तर चिमटा, दाणा आणि नळी एकदमच बाहेर घेतात. सर्वांत अवघड क्षण स्वरयंत्रापाशी येतो. तिथे दाणा निसटला आणि वाट पूर्ण बंद झाली तर त्याला परत खाली एका बाजूच्या नळीत ढकलावं लागतं, म्हणजे निदान दुसरं फुप्फुस चालू राहतं. दाणा हाती आला तरी नळी पुन्हा आत घालून दोन्ही बाजू पाहतात, कारण शेंगेत एकच दाणा नसतो आणि मुलाने एकच खाल्लेला नसतो.

ठसका लागला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढलेल्या दाण्याचं मूल बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातं. तोच दाणा दमा म्हणून सहा महिने आत राहिला असेल तर भोवती मांसाचे अंकुर वाढलेले असतात, चिमटा लागताच रक्त येतं, पलीकडच्या नळ्या सैल होऊन त्यांत कायमचा पू साचायला लागलेला असतो, आणि काही मुलांत फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढण्यावाचून उपाय उरत नाही.